चौकट : दाटीवाटीच्या दीर्घिका

हिक्सन यादी : पॉल हिक्सन, १९८२. एकूण १०० गट. अट : किमान चार दीर्घिका, तेजात फार फरक नाही, आजूबाजूला मोकळे आकाश.

स्टीफनचे पंचक (हिक्सन ९२) : महाश्व तारकासमूहात, एनजीसी ७३३१ पासून जेमतेम अर्धा अंश. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री लवकर डोक्यावर. एदुआर स्टीफन यांनी मार्सेय वेधशाळेतून १८७७ मध्ये शोधले. पाचांपैकी एनजीसी ७३२० उपरी : सुमारे ४ कोटी प्रकाशवर्षांवर. बाकीच्या चार सुमारे २९ कोटींवर. त्यांतल्या ७३१८ अ आणि ब एकमेकींना इतक्या खेटून, की लहान दुर्बिणीत एकच ठिपका वाटावा.

सेफर्टचे षट्क (हिक्सन ७९) : नाव सहाचे, खऱ्या दीर्घिका चारच. पाचवी बरीच मागे, सहावी म्हणजे ओढला गेलेला ताऱ्यांचा पट्टा. पंचकाहून पुष्कळ अवघड.

काय लागते :
- १६ ते २० इंची डॉब्सोनियन, २०० पट किंवा अधिक वर्धन
- चंद्र नसलेले, गावदिव्यांपासून दूरचे आकाश
- अंधाराला डोळे सरावायला २०–३० मिनिटे, मोबाइल खिशातच
- तिरकी नजर : दृष्टिपटलाच्या कडेकडील दंडपेशी मंद प्रकाश अधिक टिपतात
- रंगाची अपेक्षा नको. दिसतात ते राखाडी पुंजकेच