मुद्दाम मंद लावलेले घड्याळ

जीपीएसच्या उपग्रहात बसणारे आण्विक घड्याळ जमिनीवर असतानाच किंचित मंद लावतात. प्रणालीची ठरलेली वारंवारता १०.२३ मेगाहर्ट्झ, पण उड्डाणापूर्वी ती १०.२२९९९९९९५४३ मेगाहर्ट्झवर ठेवली जाते. आइनस्टाइनचा सापेक्षतावाद या आकड्यातून थेट यंत्रात उतरला आहे.

उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून सेकंदाला जवळपास ३.९ किलोमीटर वेगाने फिरतो. या वेगामुळे त्याचे घड्याळ दिवसाला ७ मायक्रोसेकंद मागे पडते. तिथे गुरुत्वाकर्षण क्षीण, म्हणून ते ४५ मायक्रोसेकंद पुढेही जाते. वजाबाकी करता ३८ मायक्रोसेकंदांची आघाडी उरते. तेवढ्या वेळात प्रकाश ११ किलोमीटर जातो, आणि जीपीएस अंतर मोजते ते याच वेळावरून.

हा फरक पकडायला आण्विक घड्याळच लागते. १९५५ साली ब्रिटनच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेत लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचे पहिले भरवशाचे घड्याळ चालवले. १९६७ पासून सीझियम-१३३ अणूशी जुळणाऱ्या सूक्ष्मलहरीची ९१९ कोटी २६ लाख ३१ हजार ७७० कंपने म्हणजे एक सेकंद. सीझियम-१३३ चे सगळे अणू एकसारखे असतात आणि ते झिजत नाहीत. म्हणूनच अशी दोन घड्याळे नेमाने वेगळी चालली, की काळाच्याच गतीबद्दल विचारता येते.

हा प्रश्न १९७१ मध्ये जोसेफ हाफेल आणि रिचर्ड कीटिंग यांनी विचारला. प्रवासी विमानांतून चार सीझियम घड्याळे त्यांनी पृथ्वीभोवती फिरवली. पूर्वेकडे गेलेली घड्याळे सरासरी ५९ नॅनोसेकंद मागे पडली, पश्चिमेकडची २७३ नॅनोसेकंद पुढे गेली. दोन्ही निकाल भाकिताशी जुळले.

तरीही जीपीएस उभारताना काहींच्या मनात शंका होतीच. १९७७ मध्ये एनटीएस-२ उपग्रह सीझियम घड्याळ घेऊन वर गेला, तेव्हा त्यातली सापेक्षतेची दुरुस्ती बंद ठेवण्यात आली. गरज पडली तर जमिनीवरून ती चालू करता येणार होती. वीस दिवस घड्याळ आपल्या मनाने चालले. भाकीत होते एक लाख कोटी भागांत ४४६.५ भागांच्या आघाडीचे, मोजणीत ४४२.५ आले. मग दुरुस्ती चालू झाली.

आता नाते पालटले आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या बोल्डर इथल्या 'जिला' संस्थेत स्ट्राँशियम अणूंच्या एकाच ढगात, मिलिमीटरभर उंचीच्या अंतराने, काळाच्या गतीत पडणारा फरक मोजला गेला. घड्याळ सिद्धान्ताची परीक्षा घेत होते; आज सिद्धान्ताच्या भरवशावर घड्याळाने उंची मोजता येते. पुण्याच्या आयुकातही यटर्बियम आयनाचे प्रकाशीय घड्याळ उभारण्याचे काम चालू आहे.

या अचूकतेची किंमत शास्त्रज्ञांनी मोकळेपणाने मोजली आहे. जागतिक आण्विक वेळ ठरवताना प्रत्येक प्रयोगशाळेच्या घड्याळाला समुद्रसपाटीपासूनच्या उंचीची दुरुस्ती द्यावी लागते. सर्वांचा सेकंद एकच राहावा, म्हणून प्रत्येकाचा काळ वेगळा आहे हे आधी मान्य करावे लागते.