विश्वस्ताची जबाबदारी केव्हा संपते?

वाराणसीच्या ब्रह्माघाट–दुर्गाघाट परिसरातील एखाद्या मराठी आजोबांनी आपले घर व मुदत ठेवी दोन नातवंडांसाठी अपरिवर्तनीय न्यासात ठेवल्या, असे समजू. धाकटे नातवंड २५ वर्षांचे होताच मिळकत दोघांना समान द्यावी, ही न्यासपत्रातील अट. तो दिवस उजाडला की विश्वस्त मोकळा झाला, असा समज सर्रास आढळतो. तो चुकीचा आहे.

भारतीय न्यास अधिनियम वाराणसीस प्रारंभापासून, १ मार्च १८८२ पासून, लागू आहे. मुंबई इलाख्यास तो १८९१ मध्ये लागू झाला. त्याच्या कलम ७७ नुसार उद्दिष्ट पूर्ण झाल्यावर न्यास संपुष्टात येतो. तथापि मिळकत हक्कदारांच्या हाती सुपूर्द होईपर्यंत तिचा सांभाळ विश्वस्तालाच करावा लागतो.

प्रथम देणी भागवावीत. घरपट्टी व दुरुस्तीची बिले सहसा कोणी विसरत नाही. विसरला जातो तो प्राप्तिकर. विश्वस्त हा लाभार्थींचा प्रतिनिधी करदाता असल्याने वाटपानंतर निघालेली मागणी त्याच्याच दारी येते. अंदाजित कराइतकी रक्कम राखून ठेवण्याची मुभा कायद्याने त्याला दिली आहे. नातेसंबंधांच्या भिडेपोटी ती न वापरल्यास पुढे लाभार्थींकडे वसुलीसाठी हेलपाटे घालावे लागतात.

यानंतर अखेरचा हिशेब लाभार्थींपुढे ठेवावा. घराच्या किल्ल्या दिल्याने मालकी जात नाही. विश्वस्त पुण्यास राहत असला तरी हस्तांतरण दस्ताची नोंदणी वाराणसीच्या दुय्यम निबंधकाकडेच करावी लागते. न्यासाचे बँक खाते मात्र सर्वांत शेवटी बंद करावे, कारण कराचा परतावा त्याच खात्यात जमा होतो. अखेरीस लाभार्थींकडून लेखी भरपाई-पावती घ्यावी. वाद उद्भवल्यास दिवाणी न्यायालयाकडे कार्यमुक्तीसाठी अर्ज करता येतो.

सर्व लाभार्थी सज्ञान व एकमताचे असल्यास ते मुदतीपूर्वीही मिळकत मागू शकतात. एकजण जरी अज्ञान असला तरी हा मार्ग बंद.

सार्वजनिक न्यासाचे तसे नाही. अहिल्याबाई होळकरांच्या दानधर्मासाठी १९६२ मध्ये इंदूर येथे स्थापन झालेल्या न्यासाचे नावच ‘खासगी’. तरीही तो सार्वजनिक असल्याचे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये ठरवून त्याच्या नोंदणीचा आदेश दिला. अशा न्यासाची मिळकत वाटून विश्वस्तांना मोकळे होता येत नाही.