पवनेच्या काठी दोन दिवस

लग्नाच्या पन्नासाव्या वाढदिवसाला मुलांनी आईवडिलांना काय द्यावे, हा प्रश्न आता अनेक घरांत पडू लागला आहे. दागिने लॉकरमध्ये जातात आणि कपडे कपाटात. आकुर्डीतील एका कुटुंबाने यंदाच्या वैशाखात निराळा विचार केला. पवना जलाशयाच्या काठी मोजक्या खोल्यांचे एक लहानसे, परंतु आलिशान हॉटेल आहे. तेथे आजी-आजोबा, मुलगा, सून आणि दोन नातवंडे यांच्यासाठी दोन रात्रींचे आरक्षण करण्यात आले.

आजोबांनी प्रथम भाडे विचारले आणि ते काही वेळ गप्प राहिले. "एवढ्यात घरचा दोन महिन्यांचा किराणा येतो," असे ते म्हणाले. "बाबा, पन्नास वर्षांत एकदाच," एवढेच सुनेने उत्तर दिले.

प्रवास फार नाही. जुन्या मुंबई रस्त्याने कामशेत गाठावे आणि डावीकडे पवनानगरच्या दिशेने वळावे. घाट उतरताच पाण्याचा विस्तीर्ण पट्टा दिसू लागतो. एका बाजूस तिकोना, पलीकडे तुंग, मागे लोहगड आणि विसापूर असे दुर्गांचे कडे या जलाशयाभोवती उभे आहे.

आजींचा चौविहार, म्हणून सुनेने आरक्षणाच्या वेळीच दोन गोष्टी स्पष्ट केल्या होत्या. जेवण सूर्यास्तापूर्वी हवे आणि त्यात कांदा, लसूण, बटाटा किंवा अन्य कंदमूळ नको. हॉटेलचे रात्रीचे जेवण आठ वाजता सुरू होत असे. तरीही सायंकाळी सहा वाजता गरम फुलके, मुगाची आमटी आणि दुधीची भाजी ताटात आली. उकळलेले पाणी खोलीतच ठेवलेले होते. नियम आधी सांगितले की पाळणाऱ्याला संकोच होत नाही आणि रांधणाऱ्यालाही धावपळ करावी लागत नाही.

अडचण आली ती स्नानगृहात. धाकट्या नातवाने काठोकाठ टब भरला आणि तो आनंदाने हाका मारू लागला. आजी दारात आल्या, टबाकडे पाहत राहिल्या आणि त्यांनी स्वतःसाठी बादली व तांब्या मागवला. "आजी, इथे पाणी भरपूर आहे," नातू म्हणाला. "भरपूर आहे म्हणून सांडायचं का रे बाळा?" आजींनी विचारले. त्या रागावल्या नाहीत. परंतु मुलगा आणि सून दोघेही क्षणभर वरमले.

त्यांच्या वरमण्याला कारण होते. पिंपरी-चिंचवडमध्ये नोव्हेंबर २०१९ पासून एक दिवसाआड पाणी येते. ते पाणी मुख्यतः याच जलाशयाचे. धरणातून सोडलेले पाणी पवनेच्या पात्रातून वाहत रावेतच्या बंधाऱ्यापर्यंत येते, तेथून उचलले जाते आणि निगडीच्या केंद्रात शुद्ध होऊन आकुर्डीच्या घराघरांत पोहोचते. धरणाची साठवण क्षमता सुमारे साडेआठ टीएमसी, म्हणजे जवळजवळ २४ हजार कोटी लिटर. आकडा प्रचंड आहे. तथापि शहरही तितक्याच वेगाने वाढले आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजोबा काठावर बसले असता चहा घेऊन येणारा तरुण त्यांच्यापाशी थांबला. उन्हाळ्याने पाणी ओसरले होते आणि एरवी बुडालेले वाघेश्वराचे प्राचीन दगडी मंदिर उघडे पडले होते. "काका, त्या अंगाला आमची जमीन होती," तो म्हणाला. "पाण्याखाली गेली. आजोबा बांध दाखवायचे, आता तेही नाहीत."

आजोबांनी कप खाली ठेवला. धरणासाठी बाराशेहून अधिक खातेदारांच्या जमिनी गेल्या आणि त्यांतील अनेकांचे पुनर्वसन दशकानुदशके रखडले, हे त्यांनी वर्तमानपत्रांत वाचले होते. धरणापासून शहरापर्यंत बंद नळातून पाणी नेण्याच्या योजनेविरुद्ध ९ ऑगस्ट २०११ रोजी बऊर येथे द्रुतगती मार्गावर आंदोलन झाले, पोलिसांचा गोळीबार झाला आणि तीन शेतकऱ्यांचा मृत्यू झाला, हेही त्यांना ठाऊक होते. मात्र ज्याची जमीन गेली, त्याच्याच नातवाच्या हातून चहा घेण्याचा प्रसंग प्रथमच आला. "तुमच्या पाण्यावर आमचं घर चाललं," ते एवढेच बोलू शकले. "पाणी सगळ्यांचंच, काका. फक्त आमचं नाव कुठंतरी राहू द्या," तरुणाने उत्तर दिले.

परतीच्या वाटेवर कामशेतजवळ गाडी थांबली, तेव्हा आजोबांनी नातवंडांना नाणे मावळातील पाले गावच्या लेण्याची हकिगत सांगितली. तेथील ब्राह्मी शिलालेख दोन हजार वर्षांहून जुना मानला जातो. त्याचा आरंभ अरिहंतांना वंदन करून होतो आणि भदंत इंदरखित यांनी लेणे व पाण्याची पोढी, म्हणजे टाके, करविल्याची नोंद त्यात आहे. लोहगडाच्या कड्यातील एका गुहेतही तशाच धाटणीचा लेख अलीकडे उजेडात आला. "म्हणजे त्यांनी पाण्यासाठी टाकं खोदलं आणि आपण टब भरला," मोठी नात म्हणाली. गाडीत कोणीच काही बोलले नाही.

हॉटेलच्या देयकात खोली, भोजन, कर असे सारे रकाने होते. पाण्याचा रकाना नव्हता. आजोबांनी निघताना त्या तरुणाचे नाव आपल्या डायरीत लिहून घेतले होते.

दुसऱ्या दिवशी पहाटे आकुर्डीत नळ आला. आजींनी नेहमीप्रमाणे तोटीला फडके बांधले. डोळे चोळत आलेल्या नातवाने विचारले, "आजी, हे तिथलंच पाणी ना?" आजींनी मान हलविली. कळशी भरताच त्याने स्वतःहून तोटी बंद केली.