तैलरंग ‘वाळतो’ म्हणजे काय?

जलरंगाला सरावलेला विद्यार्थी कला महाविद्यालयात तैलरंगाच्या वर्गात येतो, तेव्हा त्याला आधी वाट पाहायला शिकावे लागते. जलरंगातले पाणी उडून जाते आणि चित्र वाळते. तैलरंगातले जवसाचे तेल उडत नाही. हवेतला प्राणवायू शोषून ते हळूहळू घट्ट होते. अंबरसारखा तपकिरी रंग त्यातील मँगनीजमुळे लवकर सुकतो, तर आयव्हरी ब्लॅक बराच रेंगाळतो.

मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमधून (स्थापना १८५७) महाराष्ट्रात जी पाश्चात्त्य चित्रपद्धती रुजली, तिचा एक मूलभूत नियम यातूनच येतो. खालचा थर टर्पेंटाइनने पातळ केलेला आणि कमी तेलाचा, वरचे थर क्रमाने अधिक तेलाचे. हा क्रम उलटला, तर वरचा थर आधी कडक होतो, खालचा मात्र अजून आकसत-हलत असतो आणि पृष्ठभाग तडकतो. हे तडे परीक्षेच्या दिवशी दिसतीलच असे नाही. गुण मिळून जातात, चित्र घरी जाते आणि चूक पुढे केव्हातरी उघड होते.

कोऱ्या कापडावर थेट रंगवण्याचा मोहही असाच महागात पडतो. तेल धाग्यांत मुरून कॅनव्हास ठिसूळ करते. म्हणून आधी अस्तर हवेच.

ब्रश पुसलेल्या चिंध्यांकडे तर कुणी पाहतच नाही. जवसाच्या तेलाने भिजलेल्या चिंध्या ढिगात पडल्या, तर सुकताना निर्माण होणारी उष्णता आत कोंडते आणि त्या आपोआप पेटू शकतात. त्या पसरून वाळवाव्यात किंवा पाणी भरलेल्या झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात टाकाव्यात.