वाय-फाय गेलं तरी मासे जगले पाहिजेत

घरचा फिश टँक फोनवरून सांभाळायचा विचार करताय? जरूर करा. कंट्रोलर वाय-फायला जोडणं अवघड नाही. पण जोडण्याआधी आमच्या घरी काय झालं ते वाचा.

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. मी जळगावात रूमवर होते. घर धुळ्याला. आई-बाबा, आजी आणि अकरावीतला भाऊ एका लग्नासाठी पारोळ्याला मुक्कामी गेलेले. घरात फक्त फिश टँक आणि त्यातले नऊ मासे. मला मात्र काडीचं टेन्शन नव्हतं. दोनच महिन्यांपूर्वी मी स्वतः हौसेनं टँकला कंट्रोलर लावला होता. पाण्याचं तापमान, टँकमधला एलईडी, पंखा, हवेचा पंप, सगळं माझ्या फोनवर. मैत्रिणींना ॲप उघडून दाखवायचे, भाव खायचे.

रात्री अकराला ॲपवर 'ऑफलाइन' आलं. म्हणजे धुळ्यात लाइट गेली. दोनच्या सुमारास परत 'ऑनलाइन'. हिरवा ठिपका बघितला आणि निवांत झोपले. सकाळी सातला भावाचा फोन. "ताई, सात गेले."

झालं काय होतं? लाइट आली, राउटर सुरू झाला, कंट्रोलर नेटला जोडला गेला. पण हवेचा पंप ज्या स्मार्ट प्लगवर होता, तो लाइट आल्यावर बंदच राहिला. अशा प्लगमध्ये एक सेटिंग असतं : लाइट परत आल्यावर चालू व्हायचं, बंद राहायचं, की आधी होतं तसं राहायचं. मी ते कधी उघडून बघितलंच नव्हतं. हिरव्या ठिपक्याचा अर्थ एवढाच होता की प्लग वाय-फायशी बोलतोय. मासे श्वास घेतायत की नाही, हे तो सांगत नव्हता. भाऊ पुढे चार दिवस माझ्याशी नीट बोलला नाही.

तुमच्यावर ही वेळ येऊ नये, म्हणून हा लेख.

आपल्याकडे याची गरज काय?

खान्देशातलं हवामान तुम्हाला माहीतच आहे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४४-४५च्या पुढे जातो आणि डिसेंबर-जानेवारीत धुळ्यात रात्री दहाच्या खाली येतो. गप्पी, मोली, एंजल या नेहमीच्या माशांना साधारण २४ ते २८ अंशांचं पाणी मानवतं. म्हणजे थंडीत हीटर आणि उन्हाळ्यात पंखा, दोन्ही लागतात.

आता उन्हाळ्यातली खरी अडचण बघा. पाणी जितकं गरम, तितका त्यात ऑक्सिजन कमी विरघळतो. २५ अंशांना एका लिटरमध्ये जास्तीत जास्त ८.३ मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन राहू शकतो. ३५ अंशांना तोच आकडा ७ मिलिग्रॅमच्या जवळ येतो. त्यात गरम पाण्यात माशांची ऑक्सिजनची गरज वाढते. म्हणून उन्हाळ्यात पंप बंद पडला की टँक लवकर संकटात येतो, आणि मासे जास्त असतील तर आणखी लवकर.

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूची आहे. आपल्याकडचा उन्हाळा कोरडा. टँकच्या पाण्यावर छोटा पंखा सोडला की पाण्याची वाफ होते आणि पाणी दोन-तीन अंशांनी उतरतं. घरचा कूलर करतो तेच. फक्त पाणी भराभर कमी होतं, त्यामुळे रोज थोडं भरावं लागतं.

हे चालू-बंद करायचं काम कंट्रोलर करतो. पाण्यात तापमानाचा सेन्सर, आत छोटी चिप आणि हीटर-पंखा चालू-बंद करणारे रिले. तयार मिळतो, आणि इलेक्ट्रॉनिक्सची आवड असेल तर घरीही बनवता येतो. प्रोजेक्ट करणाऱ्या मुलामुलींना ईएसपी८२६६ आणि ईएसपी३२ या चिप माहीत असतील. शांघायच्या एस्प्रेसिफ कंपनीच्या या चिपमुळे वाय-फाय एकदम स्वस्त झालं. पाण्यात बुडवायचा डीएस१८बी२० हा सेन्सरही सहज मिळतो.

जोडताना इथे गाडी अडते

बहुतेक स्वस्त कंट्रोलर फक्त २.४ गिगाहर्ट्झचं वाय-फाय ओळखतात. आपले नवे राउटर २.४ आणि ५ अशी दोन्ही नेटवर्क एकाच नावानं देतात. फोन ५ वर बसतो, कंट्रोलरला ते दिसतच नाही आणि आपण पासवर्ड तपासत बसतो. उपाय सोपा आहे. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं द्या, किंवा जोडणी होईपर्यंत ५ बंद ठेवा.

दुसरी अडचण फोनची. पहिल्यांदा सेटिंग करताना बरेच कंट्रोलर स्वतःचा हॉटस्पॉट सुरू करतात. फोन त्याला जोडायचा, ब्राउझरमध्ये पत्ता टाकायचा (ईएसपीवाल्यांचा बहुतेक वेळा १९२.१६८.४.१ असतो) आणि घरच्या वाय-फायचं नाव-पासवर्ड भरायचा. पण त्या हॉटस्पॉटवर इंटरनेट नसतं. मग आपला हुशार फोन गुपचूप मोबाइल डेटावर उडी मारतो आणि पान उघडतच नाही. तेवढ्या वेळापुरता मोबाइल डेटा बंद करा. माझा अख्खा रविवार यात गेला होता.

तिसरी गोष्ट सुरक्षेच्या प्रकाराची. राउटरवर फक्त डब्ल्यूपीए३ लावलं असेल तर जुन्या चिप जोडल्या जात नाहीत. डब्ल्यूपीए२ आणि ३ एकत्र असा पर्याय असतो, तो निवडा.

चौथी, जागा. कंट्रोलर टँकच्या मागे लपवला की छान दिसतो, पण पाणी वाय-फायचा सिग्नल शोषतं. राउटर आणि कंट्रोलरच्या मध्ये भरलेला टँक आणि वर जुन्या घराची जाड भिंत आली की संपलं. ॲपमध्ये सिग्नलचा आकडा दिसत असेल तर तो उणे ७०पेक्षा खाली जाऊ देऊ नका. उणे ५० उत्तम, उणे ८० म्हणजे रोजची कटकट.

शेवटचं, राउटरमध्ये कंट्रोलरसाठी एकच आयपी पत्ता राखून ठेवा. लाइट गेल्या-आल्यावर पत्ता बदलत नाही आणि शोधाशोध वाचते.

होस्टेलवाल्यांनो, तुमच्यासाठी

होस्टेलच्या किंवा कॉलेजच्या वाय-फायवर आधी लॉगिनचं पान येतं ना? कंट्रोलरला ते पान उघडता येत नाही. त्यामुळे तिथे तो जोडला जाणार नाही, उगाच डोकं फोडू नका. रूमवर टँक असेल तर एखादा जुना फोन हॉटस्पॉट म्हणून ठेवा. त्यातही हॉटस्पॉटचा बँड २.४ निवडा.

नेट गेलं तर काय होईल?

कंट्रोलर विकत घ्यायच्या आधी दुकानदाराला हा एकच प्रश्न विचारा : "वाय-फाय बंद केलं तर हीटर आणि पंखा आपापले चालू-बंद होतात का?" काही स्वस्त वस्तूंमध्ये सगळा निर्णय लांबच्या सर्व्हरवर होतो. तापमान तिकडे जातं आणि हुकूम तिकडून येतो. नेट गेलं की हीटर ज्या अवस्थेत आहे त्याच अवस्थेत अडकतो. चालू असेल तर पाणी तापतच राहतं. कंट्रोलर असा हवा की निर्णय तो स्वतः घेईल आणि वाय-फायवरून आपल्याला फक्त कळवेल.

मग प्रत्येक वस्तूचं सेटिंग बघा. लाइट परत आल्यावर पंप चालूच झाला पाहिजे. हीटर मात्र कंट्रोलरनं तापमान तपासल्यावरच चालू व्हावा आणि सेन्सर बिघडला तर बंद राहावा. खरं तर हवेचा पंप स्मार्ट प्लगवर लावूच नका. तो चोवीस तास चालायचा असतो, साध्या प्लगवर राहू द्या.

आणखी एक. लाइट आल्यावर कंट्रोलर काही सेकंदांत जागा होतो, राउटरला मात्र दोन-तीन मिनिटं लागतात. तेवढ्यात काही कंट्रोलर प्रयत्न सोडून परत हॉटस्पॉटवर जाऊन बसतात. तुमचा तसं करतो का, ते आधीच तपासा. राउटरसाठी छोटा यूपीएस मिळतो. पण बजेट कमी असेल तर आधी बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घ्या, राउटरचं नंतर बघू.

टँकमधून चोरी

हसू येईल, पण खरी गोष्ट आहे. २०१७मध्ये डार्कट्रेस या सायबर सुरक्षा कंपनीनं सांगितलं की उत्तर अमेरिकेतल्या एका कॅसिनोमध्ये हॅकर इंटरनेटला जोडलेल्या फिश टँकमधून नेटवर्कमध्ये घुसले. १० जीबी डेटा फिनलंडमधल्या एका यंत्राकडे गेला होता. त्याच्या आदल्याच वर्षी 'मिराई'नं कंपनीचे मूळ पासवर्ड तसेच ठेवलेले कॅमेरे आणि राउटर हजारोंनी ताब्यात घेतले होते.

आपल्या घरात कॅसिनो नाही, पण त्याच वाय-फायवर बाबांच्या फोनमध्ये बँकेचं ॲप आहे. म्हणून कंट्रोलरचा मूळ पासवर्ड पहिल्याच दिवशी बदला, अपडेट येतील तसे घ्या आणि राउटरमध्ये 'गेस्ट नेटवर्क' असेल तर कंट्रोलर त्यावर ठेवा. गेस्टवर टाकल्यावर फोनवरून थेट दिसेनासा झाला तर घाबरू नका, गेस्ट नेटवर्कचं कामच ते असतं. ॲप इंटरनेटवरून चालत असेल तर अडत नाही.

पाणी आणि वीज

यात मस्करी नको. २३० व्होल्टचे रिले उघडे ठेवू नका, ते बंद डब्यात हवेत आणि जोडणी वायरमनकडूनच करून घ्या. प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली झोळ देऊन मग वर न्या, म्हणजे ओघळणारं पाणी झोळावरून खाली पडेल, सॉकेटमध्ये जाणार नाही. अर्थिंग तपासा, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवा. आणि पाण्यात हात घालण्याआधी प्लग काढा. बटण बंद केलं म्हणजे झालं, असं नाही.

आमच्या घरची परीक्षा

यंदा एप्रिलमध्ये मी सुट्टीला घरी गेले, तेव्हा भावानं मला न विचारता थेट मेन स्विच पाडला. "आता बघू ताई तुझा कंट्रोलर." अर्धा तास आम्ही टँकसमोर बसून होतो. बॅटरीचा पंप सुरू झाला, बुडबुडे येत राहिले. आजी पलंगावरून विचारत होती, "मासा बरा शेतस ना रे?"

मग त्यानं स्विच वर केला. साधा पंप लगेच सुरू. कंट्रोलर जागा झाला, त्यानं तापमान बघितलं आणि पंखा लावला. राउटर अजून डोळे मिचकावत होता, पण त्याच्यासाठी काहीच अडलं नव्हतं. तीन मिनिटांनी माझ्या फोनवर हिरवा ठिपका आला. भावानं फोनकडे बघितलंच नाही, तो टँकमधले मासे मोजत होता. नंतर त्यानं परत एकदा स्विच पाडला. एकदा जमलं म्हणून त्याचा विश्वास बसत नव्हता.

तुम्हीही हेच करा. कंट्रोलर जोडून झाला की सगळे घरी असताना, दिवसाढवळ्या, एकदा मेन स्विच पाडा आणि अर्धा तास टँकसमोर बसा. मग वाय-फाय बंद करून तसंच बघा. काय चुकतंय ते तुमच्या डोळ्यांसमोर चुकू दे. घराला कुलूप लावून लग्नाला जायचं ते त्यानंतर.