लहरी मोटार

जी मोटार कायमची बंद पडते, तिचे दुखणे शोधणे त्या मानाने सोपे असते. खरी कसोटी लागते ती सकाळी सुरू होणाऱ्या, दुपारी रुसणाऱ्या आणि अर्ध्या तासाने काहीच घडले नाही अशा थाटात पुन्हा चालू लागणाऱ्या मोटारीपाशी. श्रोतेहो, अशी एक मोटार माझ्या घरी आहे. १९९० सालची ही प्रीमियर पद्मिनी वडिलांनी पुण्यास घेतली आणि माझ्या बदलीबरोबर ती जयपूरलगतच्या सांगानेरला आली. कुर्ल्याच्या कारखान्यातली ही गाडी मुंबईची टॅक्सी म्हणून देशभर ओळखीची होती. २०२३ मध्ये त्या टॅक्सीने मुंबईचा निरोप घेतला. घरोघरी जपलेल्या पद्मिनी मात्र अजून आहेत, आणि त्यांचे रुसवेही आहेत.

मे महिन्यातील एका दुपारी आईला स्टेशनवर पोहोचवावयाचे होते. वाटेत सांगानेरी छापाची चादर घेण्यासाठी छिप्यांच्या वस्तीत दहा मिनिटे थांबलो. परत येऊन किल्ली फिरविली. सेल्फ जोमाने फिरला, पण एंजिन पेटेना. आईची आगगाडी चुकली. मेकॅनिक आला, त्याने ‘पेट्रोलची वाफ झाली’ असे निदान करून पंपावर ओले फडके टाकले, आणि थोड्या वेळाने गाडी सुरू झाली! पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच. दोन महिन्यांत बॅटरी, प्लग आणि पेट्रोलपंप नवे झाले. गाडी भंगारात द्यावी येथवर घरातील मत आले. मेकॅनिकला मी दोष देत नाही. त्याच्या दारात ती बिघडलेल्या स्थितीत कधी पोहोचलीच नव्हती.

अशा वेळी पहिला प्रश्न हा, की सेल्फ फिरतो की नाही? फिरत नसेल तर पुढचे दिवे लावून किल्ली फिरवावी. दिवे विझू विझू झाले तर बॅटरी अशक्त आहे किंवा तिच्या टोकांवर पांढरी भुकटी साचून सांधा बिघडला आहे. दिवे लखलखीत राहिले आणि सेल्फ मुका राहिला, तर वीज त्याच्यापर्यंत पोहोचतच नाही. किल्लीचा स्विच व सोलेनॉइड तपासावा.

माझा सेल्फ फिरत होता. म्हणजे उणीव पेट्रोलची किंवा ठिणगीची. जुन्या गाडीत बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जातात. डिस्ट्रिब्यूटरमधील पॉइंट उघडले की कॉइलमधील प्रवाह एकदम तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. चार्ल्स केटरिंगची ही पद्धत १९१० च्या कॅडिलॅक मोटारींत होती. प्रवाह ‘एकदम’ तुटावा हे काम पॉइंटजवळच्या बोटाच्या पेराएवढ्या कंडेन्सरचे. त्याचा आतला सांधा उष्णतेने सुटला, तर ठिणगी पॉइंटवरच वाया जाते; गार झाला की सांधा पुन्हा जुळतो. अर्ध्या तासाची विश्रांती पेट्रोलची वाफही घालविते आणि कंडेन्सरही शुद्धीवर आणते! गाडी सुरू झाली यावरून काहीच सिद्ध होत नाही, ते एवढ्यासाठी. बिघाड हजर असतानाच त्याला गाठले पाहिजे.

पुढच्या खेपेस मी तयारीने होतो. गाडी न्यूट्रलमध्ये घातली, पेट्रोल कोठे गळत नाही हे पाहिले. कॉइलकडून डिस्ट्रिब्यूटरकडे जाणाऱ्या बारीक तारेच्या टोकाला १२ व्होल्टचा दिवा जोडला, त्याचे दुसरे टोक एंजिनाला. शेजाऱ्याने सेल्फ मारताच दिवा लुकलुकू लागला. म्हणजे पॉइंट उघडमीट करीत होते. मग कॉइलच्या मधली जाड तार रबरी मुठीच्या पकडीने एंजिनापासून पाच-सहा मिलिमीटरवर धरली. ठिणगी निळी, ठसठशीत हवी. पडली ती पिवळट आणि मरतुकडी. (इलेक्ट्रॉनिक इग्निशनच्या नव्या गाडीवर हा प्रयोग मुळीच करू नये.) कंडेन्सर बदलला, एंजिन तसेच तापलेले असताना गाडी पेटली. खात्रीसाठी जुना पुन्हा बसविला, गाडी मुकी. नवा बसविला, पुन्हा सुरू. नवाही बिनकामाचा ठरता, तर पाळी कॉइलची होती.

जाळीच्या कागदाने घासून पॉइंट साफ केले व त्यांतील फट पुन्हा बसवून घेतली. त्यानंतरच्या भेटीत आईला स्टेशनवर नेताना त्याच वस्तीत आणखी एका चादरीसाठी थांबलो. ऊन तेवढेच होते. परत येऊन किल्ली फिरविली, तेव्हा आई चादरीची घडी घालीत होती. तिचे एंजिनाकडे लक्षही नव्हते.