गोष्ट कोणत्या तारखेपासून सांगायची?

कंधार म्हटले की देशातल्या बहुतेकांना अफगाणिस्तान आठवतो. डिसेंबर १९९९ मध्ये अपहरण झालेले इंडियन एअरलाइन्सचे विमान तिथे उतरवले होते. पुढे कितीतरी वर्षे परदेशी वाहिन्यांचे कॅमेरे त्या शहराभोवती अमेरिकी आणि कॅनेडियन सैनिकांच्या मागे फिरत राहिले. नांदेड जिल्ह्यातले कंधार निराळे. मन्याड नदी, राष्ट्रकूटांच्या काळापासूनचा भुईकोट किल्ला, त्याला वेढणारा पाण्याचा खंदक, हाजी सय्याह यांचा दर्गा. या कंधारच्या वाट्याला असली प्रसिद्धी आली नाही. पण परदेशी माध्यमाने भारतीय लष्कराबद्दल सांगितलेल्या एका वादग्रस्त गोष्टीत हा सगळा मुलूख आहे, आणि गावाचे नाव कुठे न येताही ती गोष्ट इथलीच आहे.

सप्टेंबर २०१३ मध्ये बीबीसीने एक वृत्तांत प्रसिद्ध केला. लेखक होते रेडिओ ४ वरच्या ‘डॉक्युमेंट’ या मालिकेचे सादरकर्ते माइक थॉमसन. विषय होता १९४८ सालचे हैदराबाद, आणि मथळ्यात शब्द होते ‘भारताचे दडवलेले हत्याकांड’. निजामाचे संस्थान भारतात सामील करून घेतल्यावर सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये हजारो मुसलमान मारले गेले, त्यात काही ठिकाणी लष्कराच्या जवानांचाही हात होता आणि सरकारने त्याचा अहवाल दाबून ठेवला, असा त्याचा गाभा. मराठवाड्यात ज्यांनी तो वाचला, त्यातल्या अनेकांची पहिली प्रतिक्रिया ठरलेली होती: आणि रझाकारांचे काय?

रझाकार म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्या. या प्रश्नात तक्रार आहे आणि तक्रारीत तथ्यही आहे. कंधार-मुखेडकडच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात तो काळ ‘रझाकारीचा काळ’ म्हणूनच येतो, आणि त्याची सुरुवात भारतीय फौजा संस्थानात शिरल्या त्या १३ सप्टेंबर १९४८ ला होत नाही. नांदेडचे कार्यकर्ते गोविंदराव पानसे १९४६ मध्ये बिलोलीजवळ अर्जापूरला मारले गेले. कंधार तालुक्यातल्या कल्हाळीच्या गावकऱ्यांनी गढीच्या आश्रयाने रझाकारांशी झुंज दिली. तिथे आज हुतात्मा स्मारक आहे. मे १९४८ मध्ये बीदरकडच्या गोरटा गावात रझाकारांनी कत्तल केली. हजारो कुटुंबे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे उमरखेड, बार्शी, सोलापूर या बाजूला गेली. ऑगस्टमध्ये हैदराबाद शहरात ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान यांचा खून झाला. ते स्वतः मुसलमान होते. गुन्हा एवढाच की संस्थानाने भारतात सामील व्हावे असे ते लिहीत. रझाकारांचा म्होरक्या कासीम रझवी तर लातूरचाच वकील.

ही पाने वगळून थेट रणगाड्यांपासून सुरुवात केली, तर एका मोठ्या देशाच्या फौजेने एका छोट्या राज्यावर चाल केली आणि तिथल्या अल्पसंख्याकांना कापले, एवढेच चित्र उरते. थॉमसन यांनी ती पाने पूर्ण वगळली नव्हती. रझाकारांनी कित्येक वर्षे हिंदूंना दिलेल्या त्रासाची ती प्रतिक्रिया होती असे सांगितले जाते, हे वाक्य त्यांच्या मजकुरात आहे. लष्कर अनेक ठिकाणी नीट वागले आणि त्याने मुसलमानांना वाचवले, हेही आहे. पण ही वाक्ये मजकुराच्या पोटात आणि ‘दडवलेले हत्याकांड’ माथ्यावर. मथळा वाचून पुढे जाणाऱ्याला ती भेटतच नाहीत.

बारकाईने वाचणाऱ्या मराठी माणसाला आणखी एक गोष्ट खटकली असती. हत्याकांड कुठे झाले, तर ‘मध्य भारतात’. लंडनहून नकाशा पाहणाऱ्याला हैदराबाद देशाच्या मध्यावर दिसत असेलही. इथे मध्य भारत म्हणजे इंदूर आणि ग्वाल्हेर. चूक क्षुल्लक आहे, पण अशा एका शब्दाने वाचक सावध होतो, की याला आपला मुलूख ठाऊक नाही, मग बाकीचे तरी कशावरून खरे?

मात्र बाकीचे ज्या कागदावर उभे होते, तो कागद परदेशी नव्हता.

नोव्हेंबर १९४८ मध्ये पंतप्रधान नेहरूंच्या सांगण्यावरून एक सद्भावना मंडळ हैदराबादेत दाखल झाले. पंडित सुंदरलाल, काझी अब्दुल गफार आणि मौलाना अब्दुल्ला मिस्री हे त्याचे सदस्य. सुंदरलाल म्हणजे इंग्रजी राजवटीवर ग्रंथ लिहून तो सरकारकडून जप्त करवून घेतलेले गांधीवादी. काझीसाहेब हैदराबादच्या ‘पयाम’ या पत्राचे संपादक. दोघेही राष्ट्रीय चळवळीतले. मंडळाने तीन आठवड्यांत संस्थानातल्या १६ पैकी ९ जिल्ह्यांत दौरा केला. ज्या गावांना जाता आले नाही, तिथल्या पाचशेहून अधिक माणसांशी ते बोलले. कारवाईच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा त्यांचा अंदाज होता. सर्वांत जास्त झळ बसलेले चार जिल्हे त्यांनी नोंदवले: उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड. या चारांतच १८ हजारांहून कमी बळी नसावेत, असे त्यांचे म्हणणे.

आजच्या वाचकाला या यादीत लातूर दिसत नाही, कारण लातूर जिल्हा झालाच १९८२ मध्ये. तेव्हा लातूर गाव उस्मानाबाद जिल्ह्यात होते. उदगीर, अहमदपूर, निलंगा बीदर जिल्ह्यात. म्हणजे उस्मानाबाद, नांदेड आणि बीदरचा काही भाग मिळून जो पट्टा होतो, तो आजचा लातूर-नांदेड-धाराशिव. लातूर गावाबद्दल अहवालात स्वतंत्र नोंद आहे. तिथे वीस दिवसांहून अधिक काळ कत्तल चालू राहिली, दहा हजारांच्या आसपास मुसलमान वस्तीपैकी मंडळाला जेमतेम तीन हजार माणसे गावात सापडली आणि हजाराहून अधिक मारली गेली होती. काही गावांत सदस्यांनी विहिरी पाहिल्या. एका विहिरीत त्यांनी अकरा प्रेते मोजली. त्यातली एक बाई होती, आणि तिच्या छातीशी तिचे मूल.

लष्कराविषयी अहवाल एका सुरात बोलत नाही. काही ठिकाणी जवानांनी जमावाला लुटीला चिथावले, काही ठिकाणी स्वतः भाग घेतला, काही गावांत पुरुषांना बाहेर काढून मारले, असे तो नोंदवतो. सोलापूरच्या बाजूने आलेल्या सशस्त्र टोळ्यांचा उल्लेख करतो. आणि ज्या गावांत अधिकाऱ्यांनी खंबीरपणे वस्ती राखली, त्याचेही श्रेय देतो. लष्कराने केले, जमावाने केले आणि लष्कर पाहत राहिले, लष्कराने जमावाला थोपवले: ही तीन वेगळी वाक्ये आहेत. छोट्या वृत्तांतात ती फार सहज एकमेकांत मिसळतात. पक्षपाताचा संशय तिथेच रुजतो.

गंमत अशी, की एकतर्फीपणाची पहिली तक्रार कुठल्या परदेशी माध्यमाविरुद्ध झाली नाही. ती या भारतीय अहवालाविरुद्धच झाली आणि केली खुद्द सरदार पटेलांनी. रझाकारांनी काय केले याची दखल मंडळाने घेतली नाही, अशी त्यांची नाराजी होती. अहवाल प्रसिद्ध झाला नाही. २०१३ मध्ये मराठवाड्यातल्या वाचकाने विचारलेला प्रश्न पटेलांनी चौसष्ट वर्षे आधी विचारून ठेवला होता.

एकच दृश्य दोन्ही बाजूंना आपल्याविरुद्ध वाटते, याचा पुढे अभ्यासही झाला. १९८२ मध्ये बैरूतच्या साब्रा आणि शतिला या निर्वासित छावण्यांत इस्रायलच्या मित्र असलेल्या लेबनॉनी टोळ्यांनी कत्तल केली. भोवताली पहारा इस्रायली लष्कराचा होता. अमेरिकी वाहिन्यांवरच्या त्या बातम्यांच्या चित्रफिती स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या संशोधकांनी विद्यार्थ्यांना दाखवल्या. इस्रायलच्या बाजूच्या विद्यार्थ्यांना त्या इस्रायलविरोधी वाटल्या, अरबांच्या बाजूच्यांना त्याच चित्रफिती इस्रायलधार्जिण्या वाटल्या. १९८५ साली प्रसिद्ध झालेला हा प्रयोग माध्यमशास्त्रात आजही शिकवतात. ज्याला विषयाची जास्त माहिती, त्याला पक्षपात जास्त दिसला. कारण काय सुटले आहे हे त्यालाच कळते.

पण म्हणून पक्षपात केवळ पाहणाऱ्याच्या मनात असतो, असे नाही. १९४८ मध्ये हैदराबादच्या बाजूने जगभर शिस्तीत प्रचार चालला होता. संस्थानाने २१ ऑगस्टला संयुक्त राष्ट्रांकडे तक्रार नेली आणि पॅरिसमध्ये सुरक्षा परिषदेने ती १६ सप्टेंबरला हाती घेतली, तोवर लढाई संपत आली होती. चर्चिल यांनी ब्रिटिश संसदेत निजामाची बाजू घेतली आणि नेहरूंच्या भाषेला हिटलरची उपमा दिली. सिडनी कॉटन हा ऑस्ट्रेलियन वैमानिक कराचीहून विमानाने हैदराबादला शस्त्रे पोहोचवत होता. ‘टाइम’ साप्ताहिकाने १९३७ मध्येच निजामाला जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून मुखपृष्ठावर झळकवले होते. पाश्चात्त्य वाचकाच्या मनात हैदराबाद म्हणजे हिरे, हत्ती आणि एक जुना मित्र. त्या संस्थानातल्या शेतकऱ्याचा चेहरा त्याने पाहिलाच नव्हता.

शब्दांची लढाईही तेव्हाच सुरू झाली. १३ सप्टेंबरच्या पहाटे मेजर जनरल जे. एन. चौधरी यांच्या नेतृत्वाखाली मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गच्या दिशेने निघाली. सोबत रणगाडे होते, वरून हवाई दल होते. १५ तारखेला जालन्याकडच्या काही तुकड्या लातूर आणि मोमिनाबाद, म्हणजे आजच्या अंबाजोगाईकडे वळल्या. १७ ला निजामाने हार मानली, १८ ला त्याचे सेनापती एल एद्रूस यांनी चौधरींपुढे रीतसर शरणागती पत्करली. लष्कराच्या कागदांत ही ‘ऑपरेशन पोलो’. दिल्लीने तिला ‘पोलीस ॲक्शन’ म्हटले, कारण हा देशांतर्गत बंदोबस्ताचा मामला आहे, दोन देशांमधले युद्ध नव्हे, हे जगाला सांगायचे होते. मराठवाड्यात तो इंग्रजी शब्द मराठीच होऊन गेला. म्हाताऱ्या माणसांच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शनच्या साली’ असाच काळाचा हिशेब असतो. परदेशी पत्रकार आणि अभ्यासक मात्र ‘आक्रमण’ हा शब्द वापरत आले. पोलिसांच्या कारवाईत रणगाडे कशाला, हा त्यांचा सवाल अगदीच गैरलागू म्हणता येत नाही. आणि ज्या प्रजेत हिंदू चार पंचमांशांहून अधिक होते, तिला हे ‘आक्रमण’ वाटले का, हा इथला सवालही तितकाच रोकडा आहे.

आकड्यांचेही तसेच. १९५० मध्ये कॅनेडियन अभ्यासक विल्फ्रेड कँटवेल स्मिथ यांनी या प्रकरणावर निबंध लिहिला आणि पन्नास हजारांपासून दोन लाखांपर्यंतचे आणि त्याहूनही मोठे अंदाज नोंदवले. ज्याला जो आकडा सोयीचा तो पुढे तोच उचलत गेला. बीबीसीने सुंदरलाल मंडळाचाच आकडा घेतला, हे तिच्या बाजूचे. ‘दडवलेले’ हा शब्द मात्र तेवढा खरा नव्हता. ए. जी. नूरानी यांनी अहवालातला मजकूर मार्च २००१ मध्येच चेन्नईच्या ‘फ्रंटलाइन’ पाक्षिकात छापला होता, आणि २०१३ साली त्यांचे हैदराबादवरचे पुस्तकही आले. दिल्लीच्या तेव्हाच्या नेहरू स्मारक संग्रहालयात प्रत पाहायला मिळते, हे बीबीसीनेच सांगितले होते.

अशा गोष्टींवर सरकारे चिडतात, त्यात भारत एकटा नाही. लुई माल या फ्रेंच दिग्दर्शकाची भारतावरची माहितीपटमालिका १९७० मध्ये बीबीसीने दाखवली, तेव्हा दिल्लीने बीबीसीचे इथले कार्यालयच बंद करायला लावले. बारा वर्षांनी तीच बीबीसी मायदेशी आरोपीच्या पिंजऱ्यात होती. फॉकलंड युद्धात तिचे निवेदक ‘आपले सैन्य’ न म्हणता ‘ब्रिटिश सैन्य’ म्हणत, यावर एका खासदाराने जवळजवळ देशद्रोहाचा ठपका ठेवला. पंतप्रधान मार्गारेट थॅचरही नाराज होत्या.

मराठीत या विषयावर लेखन नाही असे नाही. अनंत भालेराव यांचा हैदराबादच्या स्वातंत्र्यसंग्रामावरचा ग्रंथ आहे, नांदेडचे नरहर कुरुंदकर यांचे लेखन आहे. पण शाळेत आणि समारंभात जी गोष्ट सांगतात, ती १७ सप्टेंबरला निजामाच्या शरणागतीशी थांबते. परदेशी गोष्ट १३ सप्टेंबरला सुरू होते, आपली १७ ला संपते. कल्हाळीची गढी पहिलीत बसत नाही आणि अकरा प्रेतांची ती विहीर दुसरीत. दोन्ही ज्यांच्या डोळ्यांदेखत घडले, ती पिढी आता जवळपास सरली आहे. त्यातल्या किती जणांचे बोलणे कुणी ध्वनिमुद्रित करून ठेवले, याची चौकशी करायला लंडनला जायची गरज नाही. ते काम कंधार, उदगीर, अहमदपूरच्या महाविद्यालयांच्या हाताशी होते.

दरवर्षी १७ सप्टेंबरला सकाळी कंधारच्या तहसील कार्यालयासमोर ध्वजारोहण होते. महाराष्ट्रात हा दिवस ‘मराठवाडा मुक्तिसंग्राम दिन’. सरहद्द ओलांडून बीदर-कलबुर्गीला गेले, की तोच ‘कल्याण कर्नाटक उत्सव’. तेलंगणात २०२२ मध्ये राज्य सरकारने तो ‘राष्ट्रीय एकात्मता दिन’ म्हणून पाळला, आणि त्याच दिवशी त्याच हैदराबाद शहरात केंद्र सरकारने ‘हैदराबाद मुक्ती दिन’ साजरा केला. दोन वर्षांनी राज्यात सत्ता बदललेली होती, तेव्हा त्याचे नाव ‘प्रजा पालन दिन’ झाले.